नवऱ्याच्या नकळत ‘डिटॉक्स’ देऊ का?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या आहेत. त्यांचे पती ४९ वर्षांचे असून बावीस वर्षे बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी करतात. जुन्या बॅटऱ्या फोडणे, आतल्या प्लेटा काढणे, शिसे वितळवून ओतणे ही त्यांची रोजची कामे. एका आरोग्य तपासणीत त्यांचे क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.४ आले आणि रक्तदाब १४८/९४ निघाला. दोन वर्षांपूर्वी पायाचा अंगठा सुजला, तो गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड साठून सांधा सुजण्याचा आजार, असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून अंगठा किंवा कंबर दुखली की ते मनानेच वेदनाशामक गोळ्या घेतात, आठवड्यातून चार-पाच दिवस तरी. सिगारेटही आहे. पुढच्या तपासण्यांना मात्र ते तयार नाहीत. रक्तात शिसे निघाले तर मालक कामावरून काढेल आणि या वयात दुसरे काम कोण देणार, ही त्यांची भीती. शेवटी ताईंनी भावाच्या मदतीने पतींच्या कंगव्यातले केस एका खासगी संस्थेकडे तपासायला पाठवले. अहवालात शिसे, पारा, आर्सेनिक आणि ॲल्युमिनियम या चौघांपुढे लाल पट्ट्या आल्या. त्याच संस्थेने तीन महिन्यांची ‘मेटल डिटॉक्स’ पावडर आणि नंतर शिरेतून द्यायच्या औषधाचा कोर्स सुचवला आहे. ताई विचारतात, “ह्यांना न सांगता रोज थोडी थोडी पावडर खाण्यातून दिली तर चालेल का? निदान किडनी तरी वाचेल. आणि काम सोडायला लावू का?” घरात आठ वर्षांचा मुलगा आहे.

प्रिय ताई,

पावडर घरात येऊन पडली आहे, म्हणून तिच्याबद्दल आधी सांगते. ती देऊ नका. चिमूटभरही नको, एक दिवसही नको.

तुमच्या मनाची घालमेल मला कळते. माणूस ऐकत नाही, त्याची तब्येत डोळ्यांदेखत उतरते आहे आणि हाताशी एक डबा आहे. हात तिकडे जाणारच. पण त्या डब्यात नेमके काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. वनस्पतींच्या आणि खनिजांच्या पावडरी तपासल्यावर त्यांच्यातच शिसे, पारा, आर्सेनिक सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत. काही वनस्पती तर थेट किडनीवरच घाव घालतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या बऱ्याच स्त्रियांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या. त्या गोळ्यांत ॲरिस्टोलोचिक आम्ल असलेली एक वनस्पती मिसळली गेली होती. क्रिएटिनिन वाढलेल्या माणसावर असा प्रयोग नको.

आणि नकळत देण्यात आणखी एक धोका आहे. उद्या त्यांना उलट्या झाल्या, लघवी कमी झाली आणि डॉक्टरांनी विचारले, “काय काय घेता?”, तर ते अगदी खरेपणाने “काही नाही” म्हणतील. डॉक्टर चुकीच्या दिशेने शोधत राहतील. केसांची तपासणी तुम्ही त्यांच्या मागे केलीत त्याबद्दल मी रागावणार नाही, काळजीपोटीच केलीत. पण एवढ्यावरच थांबा. ते काय गिळतात हे ठरवायचा अधिकार त्यांचा आहे, आणि हे त्यांना कळले तर उद्या तुमच्या सांगण्यावरून रक्त द्यायलाही ते तयार होणार नाहीत.

आता त्या लाल पट्ट्यांकडे वळू. तुम्ही गृहीत धरले आहे की केसांत सापडले म्हणजे किडनीत आहे. हे गृहीतकच कच्चे आहे. बावीस वर्षे शिशाच्या धुळीत वावरणाऱ्या माणसाच्या केसांवर बाहेरून शिसे बसलेले असणारच, आणि धुऊनही ते पुरते जात नाही. रक्तातून केसात आलेले किती आणि हवेतून चिकटलेले किती हे अशा तपासणीतून वेगळे करता येत नाही. शाम्पू आणि केसांच्या रंगांचाही परिणाम होतो. शिवाय बहुतेक धातूंसाठी ‘केसांत एवढ्यापर्यंत ठीक’ अशी सर्वमान्य मर्यादाच ठरलेली नाही. ती लाल पट्टी त्या संस्थेने स्वतः आखलेल्या मर्यादेवरून काढलेली असते. आणि जी संस्था पट्टी लाल करते तीच उपायही विकते, एवढ्यावरून तरी शंका यायला हवी.

म्हणजे शिसे नाही असे मी म्हणत नाही. त्यांचे काम पाहता रक्तात शिसे वाढलेले असण्याची शक्यता दाट आहे. पण हे मी कामावरून म्हणते आहे, केसांवरून नाही. पारा, आर्सेनिक आणि ॲल्युमिनियम यांच्यामागे आत्ता धावू नका. चार शत्रू समोर उभे केले की खरा कोणता ते दिसेनासे होते.

शिसे शरीरात कसे वागते हे समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे जातील. वितळलेल्या शिशाचा धूर आणि प्लेटांची बारीक धूळ श्वासातून आत जाते; हातावरची धूळ खाताना आणि सिगारेट ओढताना तोंडात जाते. रक्तात आलेले शिसे साधारण महिनाभरात निम्म्यावर येते. पण ते सगळे बाहेर पडत नाही, बरेचसे हाडांत जाऊन बसते. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या एकूण शिशापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त हाडांत असते आणि तिथून निघायला दशके लागतात. हाडे म्हणजे शिशाची मुदत ठेवच. काम सुटले तरी त्यातून थोडे थोडे रक्तात येत राहते. म्हणून ‘तीन महिन्यांत शरीर शुद्ध’ हे वाक्य शिशाच्या बाबतीत खरे असूच शकत नाही. भरपूर पाणी पिऊन धातू धुऊन निघतो ही समजूतही तशीच.

किडनीत शिशाचा मुख्य मारा बारीक नलिकांवर होतो. आपल्या किडन्या दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे या नलिका परत घेतात. परत घेण्याच्या या कामातच धातू त्यांच्या पेशींत शिरतो. वर्षानुवर्षे असे चालले की नलिकांभोवती व्रण धरतो, किडनी हळूहळू आक्रसते, रक्तदाब वाढतो आणि युरिक ॲसिड बाहेर टाकण्याची ताकद घटते. त्यातून गाऊट होतो. तुम्ही पत्रात रक्तदाब आणि अंगठ्याची सूज वेगवेगळ्या ओळींत, जाता जाता लिहिली आहे. मी मात्र तिथेच थांबले. वाढलेला रक्तदाब, गाऊट आणि चढते क्रिएटिनिन ही तिन्ही एकत्र, आणि सोबत शिशाचे काम: असा माणूस समोर आला की किडनीतज्ज्ञाच्या मनात शिसे यायलाच हवे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शिशाने किडनी बिघडते तेव्हा लघवीची साधी तपासणी बराच काळ जवळपास स्वच्छ येऊ शकते. लघवीत बुडवायच्या पट्टीला मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन कळते. नलिका बिघडल्या की आधी निसटतात ती त्याहून लहान प्रथिने. म्हणून ‘लघवी नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

शिसे शरीरात गेल्यापासून किडनीचे दुखणे दिसेपर्यंत किती काळ जाऊ शकतो ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये दिसले. तिथल्या घरांच्या व्हरांड्यांना शिशाचा रंग असे आणि त्याचे पोपडे व भुकटी खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाई. त्या मुलांपैकी अनेकांना मोठेपणी, काही दशकांनंतर, गाऊट आणि किडनीचा विकार जडल्याचे डॉक्टरांनी नोंदवले.

तरीही ताई, इथे मी तुम्हाला जरा थांबवते. शिशाचा संशय योग्य आहे म्हणून किडनीचे सगळे दुखणे शिशाच्या माथी मारणे योग्य ठरत नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपले ते त्या वेदनाशामक गोळ्यांचे वाक्य. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या जातीच्या गोळ्या किडनीत येणारा रक्तपुरवठा कमी करतात आणि रक्तदाब वाढवतात. आधीच थकलेल्या किडनीला आठवड्यातून चार-पाच दिवस हा मारा सोसत नाही. हाडांतले शिसे आज संध्याकाळी कमी होणार नाही, पण ही गोळी आज संध्याकाळी थांबवता येते. ही थांबवायची सोडून पावडर सुरू करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गाऊटला किडनी सांभाळून देता येतील अशी दुसरी औषधे आहेत. कोणते, किती, हे डॉक्टर किडनीची क्षमता बघून ठरवतील. दुकानातून मनाने बदलून आणू नका.

तसाच रक्तदाब. १४८/९४ हा एकदाच मोजलेला आकडा असला तर आठवडाभर घरी, पाच मिनिटे शांत बसून, सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वहीत लिहा. तो खरोखर वाढलेला असेल तर शिशाने वाढला की आणखी कशाने, हे कळेपर्यंत उपचार थांबवायचे कारण नाही. वाढलेला रक्तदाब स्वतःच किडनी खराब करतो. आणि सिगारेट: तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम पानांत ओढून घेते, त्यामुळे ओढणाऱ्यांच्या शरीरात कॅडमियम न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट सापडते. कॅडमियम किडनीत साठते आणि निम्मे कमी व्हायला त्याला दहा ते तीस वर्षे लागतात. तुमचे पती वर्कशॉपमध्ये शिशाच्या हाताने सिगारेट तोंडात धरतात, म्हणजे एकाच झुरक्यात दोन धातू.

क्रिएटिनिन १.४ म्हणजे नेमके काय? ४९ वर्षांच्या पुरुषात त्यावरून गाळण्याची क्षमता, ज्याला अहवालात ईजीएफआर म्हणतात, ती साधारण ६२ येते. ही सीमारेषा आहे. घाबरून जाण्याजोगी नाही आणि दुर्लक्ष करण्याजोगीही नाही. अंगाने भरदार, कष्टाचे काम करणाऱ्या माणसात स्नायूंमुळेही क्रिएटिनिन थोडे जास्त येते. एका आकड्यावरून दीर्घकालीन किडनीविकार ठरवत नाहीत. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच ते नाव देतात. तेव्हा ही तपासणी पुन्हा करायची, सोबत लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे प्रमाण, युरिक ॲसिड, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि किडनीची सोनोग्राफी. स्नायूंमुळे शंका वाटली तर डॉक्टर सिस्टॅटिन सी ही दुसरी तपासणी सांगतील. यांतल्या एकाही तपासणीत ‘शिसे’ हा शब्द येत नाही. शिशाला घाबरणाऱ्या माणसाला इथपर्यंत नेणे तुम्हाला त्यामुळे सोपे जाईल.

शिशाची खरी तपासणी एकच: शिरेतून घेतलेल्या रक्तातले शिसे. रक्त घेण्याआधी हात आणि कोपर साबणाने नीट धुवायचे, नाहीतर कातडीवरचे शिसे नळीत जाऊन आकडा फुगतो. धातूविरहित खास नळी लागते. ती आहे का, हे आधी विचारा. ‘आधी औषध घ्या, मग लघवीत धातू मोजू’ असे कोणी सुचवले तर नकार द्या. धातूला धरणारे औषध दिल्यावर कोणाच्याही लघवीत धातू जास्तच येतो, आणि तो आकडा औषध न घेतलेल्यांच्या मर्यादेशी ताडून पाहिला की निरोगी माणूसही आजारी ठरतो. अमेरिकेतल्या विषविज्ञान तज्ज्ञांच्या संघटनेने अशा तपासणीविरुद्ध २००९ मध्येच स्पष्ट भूमिका घेतली आहे.

आकडा आल्यावर काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार रक्तातले शिसे ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असेल तर ते कुठून येते ते शोधून थांबवायचे. बॅटरीच्या कामात आकडा याच्या कितीतरी पट असणे नवे नाही. कमी पातळीवरही किडनीची क्षमता घटलेली आढळते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१२ मध्ये नोंदवले. मात्र अशा अभ्यासांत एक पेच असतो: शिशामुळे किडनी मंदावली की मंदावलेल्या किडनीमुळे रक्तात शिसे साठले, हे प्रत्येक वेळी ठामपणे सांगता येत नाही. म्हणून थोडा वाढलेला आकडा म्हणजे ‘किडनी गेली’ असे कोणी सांगितले तर खचू नका.

आता शिरेतून द्यायच्या त्या औषधाबद्दल, कारण पावडरीनंतर तेच समोर येणार आहे. धातूला धरून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे खरोखर आहेत. या उपचाराला कीलेशन म्हणतात आणि शिशाची तीव्र विषबाधा झालेल्या माणसाचा जीव त्याने वाचू शकतो. तैवानमधल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात, शरीरात शिशाचा साठा असलेल्या आणि मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांना या उपचाराने आजाराचा वेग मंदावलेला दिसला. मला हा अभ्यास आशादायक वाटतो. पण तो काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांवर, वारंवार तपासण्या करत झाला होता. त्यावरून कोणालाही, कुठेही सलाइन लावण्याची परवानगी मिळत नाही. ही औषधे शरीराला लागणारे धातूही ओढून नेतात आणि किडनीला इजा करू शकतात. ईडीटीए या कीलेशनच्या औषधाचे दोन प्रकार आहेत. त्यांतला चुकीचा प्रकार दिल्यामुळे रक्तातले कॅल्शियम एकदम घसरून अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात रुग्ण दगावले, त्यांत लहान मुलेही होती.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: तुमचे पती रोज त्याच धुरात जात असतील तर कीलेशनने काढलेले शिसे लगेच भरून येणार. अमेरिकेत १९७८ पासून असलेल्या शिसेविषयक नियमांत, काम चालू ठेवण्यासाठी आगाऊ कीलेशन देण्यावर बंदी आहे. धातू बाहेर कसा काढायचा हा प्रश्न तुम्ही विचारलात, मी तुम्हाला तो उलटा करायला सांगेन. धातू आत कसा येतो?

इथून कामाचा प्रश्न सुरू होतो. तुम्ही दोघेही ‘एक तर नोकरी, नाहीतर किडनी’ असे धरून चालला आहात. मधली वाट मोठी आहे. वर सांगितलेल्या अमेरिकी नियमात कामगाराच्या रक्तातले शिसे ६० मायक्रोग्रॅमवर गेले तर त्याला शिशाच्या कामावरून हलवतात आणि ४० च्या खाली आल्यावर परत घेतात. या काळात, अठरा महिन्यांपर्यंत, त्याचा पगार आणि ज्येष्ठता टिकवावी लागते. हे आकडे आजच्या समजुतीप्रमाणे फारच सैल आहेत आणि तुमच्याकडे कोणता कायदा लागू होतो ते तिथल्या कामगार विभागाकडूनच कळेल. मला सांगायचे आहे ते एवढेच की शिशापासून दूर करणे आणि नोकरीवरून काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बावीस वर्षांचा अनुभवी माणूस बॅटरी तपासणे, चार्जिंग, गिऱ्हाईक, हिशेब, नव्या मुलांना शिकवणे हे सगळे करू शकतो. फोडणे आणि वितळवणे ही दोन कामे सुटली तरी धुराचा आणि धुळीचा मोठा भाग टळेल. मालकाशी बोलताना आजारापासून सुरुवात करण्याऐवजी कामाच्या वाटणीपासून करावी, असे मला वाटते. शिवाय तिथे आणखीही कामगार असतील, त्यांच्याही रक्तात हेच चालले असेल. चौघांनी मिळून मागितलेला धूर ओढणारा पंखा एकट्याच्या तक्रारीपेक्षा लवकर बसतो.

तोवर जे करता येते ते बारकाईने करा. कापडी रुमाल किंवा साधा मास्क शिशाचा धूर अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, शिशाच्या धुरासाठी योग्य फिल्टर असलेला रेस्पिरेटर लागतो. दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. जमीन कोरडी झाडायची नाही आणि हवेच्या पाइपने धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. कामाच्या जागी खाणे, पिणे, ओढणे बंद, आणि खाण्याआधी हात, तोंड, नखे घासून धुणे. उपाशीपोटी आणि शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असताना शिसे जास्त शोषले जाते, म्हणून कामावर रिकाम्या पोटी जाऊ देऊ नका. हिमोग्लोबिन कमी निघाले तर त्याचे कारण शोधून उपचार करा. लोहाच्या गोळ्या मात्र तपासल्याशिवाय नकोत.

तुमच्या मुलाचा उल्लेख तुम्ही शेवटी एका वाक्यात केला आहे. मी तो वर आणते. शिसे कपड्यांवर, चपलांवर, केसांवर आणि गाडीच्या सीटवर बसून घरी येते. मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसे शोषते, आणि त्याचा मेंदूवर होणारा परिणाम बघता मुलांसाठी कोणतीही सुरक्षित पातळी ठरवता आलेली नाही. मुलाचे रक्त तपासून घ्या, यासाठी पतींनी राजी होण्याची वाट पाहू नका, फक्त त्यांना सांगून करा. तुम्ही त्यांचे कपडे धुता, तेव्हा स्वतःचेही तपासा. कामाचे कपडे आणि बूट वर्कशॉपमध्येच राहिले आणि ते अंघोळ करून घरी आले तर उत्तम. ते जमत नसेल तर कपडे दाराबाहेर काढून, न झटकता पिशवीत घालायचे आणि वेगळे धुवायचे.

पतींशी कसे बोलायचे? मी तुमच्या जागी असते तर अहवाल त्यांच्यापुढे आपटला नसता आणि ‘काम सोडा’ हे वाक्य काही दिवस उच्चारलेच नसते. त्यांची भीती खोटी नाही. घर चालवणाऱ्या माणसाला रक्तातल्या आकड्यापेक्षा पहिली तारीख जवळची वाटते. आधी केसांचे आणि पावडरीचे खरे सांगून टाका, पावडर त्यांच्यासमोर टाकून द्या. मग एकच मागणी करा: गोळ्यांशिवाय गाऊट कसा आवरायचा हे विचारायला आणि रक्तदाब दाखवायला डॉक्टरांकडे चला. दुखण्यावर उतारा मिळणार असेल तर माणूस जातो. तिथे डॉक्टरांना कामाचे स्वरूप तुम्ही स्वतः सांगा, कारण बॅटरीचा धंदा आणि किडनी यांचा संबंध विचारल्याशिवाय पुष्कळदा निघतच नाही. रक्त तपासणीचा अहवाल मालकाकडे जातो का, हे तिथेच विचारा. स्वतःहून, बाहेरच्या डॉक्टरांकडे केलेल्या तपासणीचा अहवाल रुग्णाच्या हाती येतो. पण काही ठिकाणी ठरावीक पातळीवरचे शिसे सरकारी यंत्रणेला कळवणे प्रयोगशाळेवर बंधनकारक असते. हे आधीच कळले तर त्यांची अर्धी धास्ती उतरेल आणि नंतर फसवल्यासारखे वाटणार नाही.

अशीच शंका असलेल्या इतर वाचकांसाठी थोडे. तुमचे काम धातूचे नसेल तरी संबंध येऊ शकतो. जुना रंग खरवडणे, सोल्डरिंग, गोळीबाराचा सराव, शिशाचे जुने पाइप यांतून शिसे येते. त्वचा उजळवण्याच्या काही क्रीममध्ये पारा असतो आणि त्याने किडनीच्या चाळणीलाच इजा होऊन लघवीतून प्रथिने जातात, पायांवर सूज येते. अशा रुग्णाने क्रीम थांबवले तर पुष्कळदा सुधारणा होते, म्हणून डॉक्टरांना चेहऱ्याला काय लावता हेही सांगा. कॅडमियमचे सर्वांत भयंकर रूप जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठी दिसले. वर खाणकाम, खाली त्याच पाण्यावरची शेती. तिथल्या लोकांच्या, मुख्यतः प्रौढ स्त्रियांच्या, किडनीच्या नलिका बिघडल्या आणि हाडे इतकी ठिसूळ झाली की हालचालही असह्य व्हावी. जपान सरकारने १९६८ मध्ये हा आजार प्रदूषणातून झाल्याचे मान्य केले.

पाण्याची शंका असेल तर ते प्रयोगशाळेत तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा प्रति लिटर अशा आहेत: शिसे १० मायक्रोग्रॅम, आर्सेनिक १०, कॅडमियम ३, युरेनियम ३०. उकळल्याने धातू जात नाहीत. पाणी आटते आणि धातूचे प्रमाण उलट वाढते. लघवीतले आर्सेनिक तपासायचे असेल तर आधी चार-पाच दिवस समुद्री मासे खाऊ नका, कारण त्यांतले निरुपद्रवी आर्सेनिक आकडा फुगवते. नुकताच गॅडोलिनियम या धातूचे इंजेक्शन देऊन एमआरआय झाला असेल तर धातूची कोणतीही तपासणी काही दिवस पुढे ढकला.

ताई, पती रक्त द्यायला तयार झाले की अहवालातला आकडा वाचताना त्याच्या पुढचे एककही बघा. काही प्रयोगशाळा शिसे प्रति डेसिलिटर देतात, काही प्रति लिटर. प्रति लिटर ५० म्हणजे प्रति डेसिलिटर ५. दोन्ही गोष्टी, आणि क्रिएटिनिनचा दुसरा आकडा तारखेसह, मला लिहून पाठवा. डॉक्टरांनी काय सांगितले तेही कळवा.